शिंजुकू स्थानक

शिंजुकू स्थानक हे जपानची राजधानी तोक्यो (टोकियो) येथील एक प्रमुख रेल्वे स्थानक असून प्रवासीसंख्येच्या दृष्टीने ते जगातील सर्वाधिक वर्दळीचे स्थानक मानले जाते. गिनीज विश्वविक्रमांच्या पुस्तकातही त्याची तशी नोंद आहे. पूर्व जपान रेल्वे (जेआर ईस्ट), केइओ, ओदाक्यू, तोक्यो मेट्रो आणि महानगर शासनाची तोएइ भुयारी रेल्वे अशा पाच संस्थांचे मार्ग येथे एकत्र येतात. स्थानकाचा उत्तरेकडील भाग शिंजुकू या प्रभागात, तर दक्षिणेकडील काही भाग शिबुया या प्रभागात मोडतो. बाहेर पडण्याच्या वाटांची संख्या दोनशेहून अधिक असल्यामुळे प्रथमच येणारा प्रवासी येथे हमखास वाट चुकतो. तोक्योचे जुने रहिवासीही त्याला अपवाद नाहीत.

प्रवासीसंख्येविषयी

शिंजुकूच्या प्रवासीसंख्येचे वेगवेगळे आकडे वाचावयास मिळतात आणि त्यांतून वाचकाचा गोंधळ उडतो. २००७ साली पाचही संस्थांचे मिळून दररोज सरासरी ३६.४ लाख प्रवासी या स्थानकाचा वापर करीत होते, हा आकडा सर्वाधिक उद्धृत केला जातो. यात चढणारे व उतरणारे असे दोन्ही प्रवासी धरलेले आहेत. शिवाय एका कंपनीच्या गाडीतून उतरून दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसणारा मनुष्य दोन्हींकडे मोजला जातो. याउलट जेआर ईस्ट ही कंपनी केवळ चढणाऱ्यांची संख्या प्रसिद्ध करते. ती २०१९ या आर्थिक वर्षात दररोज सुमारे ७.७५ लाख होती. करोना महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, ती सुमारे ४.७७ लाखांपर्यंत घसरली. म्हणून दोन स्थानकांची तुलना करताना कोणता आकडा कोणत्या पद्धतीने काढलेला आहे, हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

नाव व इतिहास

‘शिंजुकू’ या शब्दाचा अर्थ ‘नवा मुक्काम’ किंवा ‘नवी धर्मशाळा’ असा सांगता येईल. एदो (आजचे तोक्यो) येथून पश्चिमेकडील काइ प्रांताकडे जाणाऱ्या कोशू काइदो या राजमार्गावर पहिला मुक्काम फार लांब पडत असे. म्हणून १६९८ साली नाइतो या सरदार घराण्याच्या जमिनीवर नव्या मुक्कामाच्या ठिकाणास मान्यता देण्यात आली. त्यालाच नाइतो-शिंजुकू असे नाव पडले. मध्यंतरी १७१८ मध्ये तो मुक्काम बंद झाला व १७७२ मध्ये पुन्हा सुरू झाला. तो जुना राजमार्ग आजही स्थानकाच्या दक्षिण टोकाला रुळांवरून पुलाने ओलांडून जातो. आता तो राष्ट्रीय महामार्ग २० म्हणून ओळखला जातो.

रेल्वे स्थानक १ मार्च १८८५ रोजी सुरू झाले. निप्पोन रेल्वे या खासगी कंपनीने आकाबाने ते शिनागावा असा मार्ग टाकला, त्यावरील हे एक लहानसे थांबे होते. त्या काळी हा परिसर शहराबाहेर होता. गर्दी टाळण्यासाठी स्थानक मुक्कामाच्या वस्तीपासून थोडे दूर, मोकळ्या जागी बांधले गेले. प्रवाशांपेक्षा सरपण व लोणारी कोळसा यांचीच चढउतार येथे अधिक होत असे. स्थानकाजवळील प्रसिद्ध किनोकुनिया ग्रंथभांडार ज्या कुटुंबाने १९२७ मध्ये काढले, त्यांचा मूळ व्यवसायही लाकूड-कोळशाचाच होता. १८८९ साली कोबू रेल्वेचा शिंजुकू ते ताचिकावा हा मार्ग सुरू झाला. तोच आजचा चुओ मार्ग होय. १९०६ च्या कायद्यानुसार या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले.

केइओ कंपनीची विद्युत गाडी १९१५ मध्ये, तर ओदाक्यू कंपनीची १९२७ मध्ये येथे पोहोचली. १९२३ च्या कांतो भूकंपाने शहराचा पूर्वेकडील दाट भाग उद्ध्वस्त झाल्यावर लोकवस्ती पश्चिमेकडे सरकली आणि शिंजुकूचे भाग्य पालटले. दुसऱ्या महायुद्धात १९४५ च्या बाँबवर्षावात परिसराची मोठी हानी झाली. केइओचे मूळ अंत्यस्थानक तेव्हा पूर्वेकडे होते. विद्युत उपकेंद्र निकामी झाल्याने दाब इतका घटला की, गाड्यांना कोशू काइदोच्या पुलाचा चढ चढता येईना. परिणामी जुलै १९४५ मध्ये ते अंत्यस्थानक पश्चिम बाजूस हलविण्यात आले, ते कायमचेच. आज पश्चिम बाजूस केइओ आणि ओदाक्यू शेजारी शेजारी दिसतात, त्यामागे नगररचनेचा विचार कमी आणि युद्धकाळातील ही निकड अधिक आहे.

युद्धानंतर स्थानकाच्या दोन्ही बाजूंना काळाबाजार भरत असे. पश्चिमेकडील ‘ओमोइदे योकोचो’ ही अरुंद खाद्यगल्ली त्याच काळाची खूण आहे. मारुनोउची भुयारी मार्ग १९५९ मध्ये, तोएइ शिंजुकू मार्ग १९८० मध्ये आणि तोएइ ओएदो मार्ग १९९७ मध्ये या स्थानकाशी जोडला गेला. पश्चिमेकडे असलेले योदोबाशी जलशुद्धीकरण केंद्र १९६५ साली बंद झाले. त्या मोकळ्या झालेल्या विस्तीर्ण जागेवर पुढे गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या. महानगर शासनाचे मुख्यालयही तेथेच आहे.

चौक की वाट?

शिंजुकू स्थानकाचा सामाजिक इतिहास हा सार्वजनिक जागेवरील हक्काचा इतिहासही आहे. ऑगस्ट १९६७ मध्ये विमानांचे इंधन वाहणाऱ्या मालगाडीला येथे अपघात होऊन मोठी आग लागली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात असे इंधन रोजच्या प्रवाशांच्या फलाटांलगत वाहून नेले जात होते, ही बाब त्यामुळे लोकांच्या नजरेस आली. २१ ऑक्टोबर १९६८ रोजी युद्धविरोधी विद्यार्थ्यांनी स्थानकात शिरून रेल्वे वाहतूक ठप्प केली. ही घटना ‘शिंजुकू दंगल’ या नावाने ओळखली जाते.

पुढच्याच वर्षी पश्चिम द्वाराच्या भूमिगत चौकात तरुण मंडळी शनिवारी सायंकाळी गिटार घेऊन युद्धविरोधी गाणी म्हणू लागली. वास्तुविशारद साकाकुरा जुन्झो यांच्या आराखड्यानुसार १९६६ मध्ये पूर्ण झालेला हा चौक लोकांनी थांबावे, बोलावे असाच होता. १९६९ च्या जुलैमध्ये तेथील फलकांवरील ‘चौक’ हा शब्द पुसून त्या जागी ‘वाट’ असा शब्द लिहिण्यात आला. वाटेत थांबणे हा वाहतुकीस अडथळा ठरतो, या आधारावर पोलिसांनी जमाव हटविला. एका शब्दाच्या बदलाने जागेचा स्वभाव बदलल्याचे हे उदाहरण जपानमध्ये आजही सांगितले जाते.

१९९० च्या दशकात आर्थिक मंदीमुळे निराधार झालेले अनेक लोक याच भूमिगत वाटेवर पुठ्ठ्याची घरे करून राहत. जानेवारी १९९६ मध्ये सरकता पदपथ बसविण्याच्या कामासाठी त्यांतील अनेकांना हटविण्यात आले. राहिलेली वस्ती फेब्रुवारी १९९८ मधील प्राणघातक आगीनंतर उठली. आज कोणी पर्यटक याच वाटेने महानगर शासनाच्या इमारतीकडे चालत जातो तेव्हा यातील काहीच त्याला दिसत नाही.

रचना

शिंजुकू स्थानकाची रचना समजून घेण्यास नकाशापेक्षा उंचीचा विचार अधिक उपयोगी पडतो. जेआरचे फलाट जमिनीच्या पातळीवर असून ते उत्तर-दक्षिण दिशेने एकमेकांना समांतर पसरलेले आहेत. त्यांना पूर्वेकडून पश्चिमेकडे १ ते १६ असे क्रमांक दिलेले आहेत. पूर्व द्वार व पश्चिम द्वार यांची तिकीट फाटके फलाटांच्या खाली, तळघराच्या पहिल्या पातळीवर आहेत. दक्षिण द्वार मात्र फलाटांच्या वर, कोशू काइदोच्या पुलाच्या पातळीवर आहे. म्हणजे फलाटावर उतरलेल्या प्रवाशाने जिना उतरला तर तो पूर्वेस किंवा पश्चिमेस निघतो आणि जिना चढला तर दक्षिणेस निघतो. एवढे एक सूत्र ध्यानी धरले तरी निम्मा घोळ टळतो.

दुसरी गोष्ट अशी की, फलाट लांब आहेत. दक्षिण टोकाला उतरलेला प्रवासी पूर्व द्वारासाठी उत्तरेकडे बराच चालतो. गाडीत बसतानाच डबा निवडण्याची तोक्योकरांची सवय यातूनच आली आहे. अनेक गाड्यांत दारावरील पडद्यावर पुढील स्थानकात जिना व सरकता जिना कोणत्या डब्यासमोर येईल, हे चित्राने दाखविले जाते.

२०२० पर्यंत पूर्व व पश्चिम या दोन बाजूंना थेट जोडणारी वाट तिकीट फाटकांच्या आत होती. तिकिटाशिवाय पलीकडे जाणाऱ्यास लोहमार्गाच्या पुलाखालून किंवा भुयारी वाटेने वळसा घालावा लागे, अन्यथा फलाट तिकीट काढावे लागे. स्थानकासमोर उभे राहूनही पलीकडचे दुकान गाठता न येणे, हा नवख्यांचा नेहमीचा अनुभव होता. १९ जुलै २०२० रोजी उत्तरेकडील आंतरमार्ग १७ मीटरांवरून २५ मीटर रुंद करून व फाटके मागे सरकवून सुमारे १०० मीटर लांबीचा खुला पूर्व-पश्चिम मार्ग सुरू करण्यात आला. जुन्या प्रवासवर्णनांतून व मार्गदर्शकांतून दिलेल्या सूचना या बदलामुळे कालबाह्य ठरल्या आहेत. पश्चिम बाजूस ओदाक्यूचे मुख्य विपणीगृह ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले असून त्या जागी सुमारे २६० मीटर उंचीची इमारत उभारण्यात येत आहे. त्यामुळे त्या बाजूच्या वाटा वेळोवेळी बदलतात.

कोणते द्वार कोठे नेते

पूर्व द्वाराबाहेर जुनी बाजारपेठ, किनोकुनिया ग्रंथभांडार, इसेतान विपणीगृह आणि काबुकीचो ही रात्री जागणारी वस्ती आहे. पूर्वी येथील ‘स्टुडिओ आल्ता’ या इमारतीपुढे भेटण्याचा प्रघात होता. ती इमारत फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता समोरच्या वक्र पडद्यावर दिसणारी भली मोठी त्रिमिती मांजर ही नवी खूण झाली आहे.

पश्चिम द्वाराबाहेर बसस्थानके, मोठी हॉटेले आणि भूमिगत वाटेने सुमारे १० मिनिटांच्या अंतरावर २४३ मीटर उंचीचे महानगर शासनाचे मुख्यालय लागते. तांगे केन्झो यांनी रचलेल्या या इमारतीच्या ४५ व्या मजल्यावरून शहर विनामूल्य पाहता येते. वाटेवर ‘शिंजुकूचा डोळा’ या नावाचे प्रचंड शिल्प आहे. १९६९ पासून ते भेटीची खूण म्हणून वापरले जाते.

दक्षिण द्वारासमोर, रुळांवर बांधलेल्या कृत्रिम जमिनीवर, ४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेले ‘बसुता शिंजुकू’ हे लांब पल्ल्याच्या बसगाड्यांचे स्थानक आहे. फुजी पर्वताच्या परिसराकडे तसेच हानेदा व नारिता या विमानतळांकडे जाणाऱ्या बसगाड्या येथून सुटतात. शिंजुकू ग्योएन या विस्तीर्ण उद्यानासाठीही दक्षिण बाजू सोयीची पडते.

द्वारांच्या नावांतील बारकावा दुर्लक्षून चालत नाही. ‘दक्षिण’, ‘आग्नेय’ आणि ‘नवे दक्षिण’ ही निरनिराळी द्वारे आहेत. तसेच ‘पूर्व’ आणि ‘मध्य पूर्व’ ही दोन आहेत. ‘ल्युमिने’ या नावाची दुकानसंकुले तर पूर्वेसही आहेत आणि दक्षिणेसही. ‘ल्युमिनेपाशी भेटू’ असे ठरविणारी माणसे एकमेकांना शोधत राहतात.

नामसाधर्म्यामुळे होणारा घोटाळा

सेइबु-शिंजुकू, शिंजुकू-निशिगुची, शिंजुकू-सानचोमे, निशी-शिंजुकू, हिगाशी-शिंजुकू, मिनामी-शिंजुकू ही सर्व स्वतंत्र स्थानके आहेत. त्यांपैकी काही शिंजुकूपासून चालण्याच्या अंतरावर आहेत आणि भुयारी वाटांनी जोडलेली आहेत. ‘निशिगुची’ म्हणजे पश्चिम द्वार असल्याने शिंजुकू-निशिगुची हे शिंजुकूचे पश्चिम द्वारच असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात ते ओएदो मार्गावरील वेगळे स्थानक आहे. ओएदो मार्गाचा आकार इंग्रजी ‘6’ या अंकासारखा असल्याने एकाच मार्गावर शिंजुकू (ई २७) आणि शिंजुकू-निशिगुची (ई ०१) अशी दोन स्थानके जवळजवळ आली आहेत. चुकीच्या दिशेच्या गाडीत बसल्यास शहराला पूर्ण फेरी पडते.

या अडचणीवर स्थानकांना अक्षर व अंक देण्याची पद्धत हा उत्तम उतारा ठरला आहे. भुयारी मार्गांवर ती २००४ पासून, तर जेआर ईस्टच्या तोक्यो परिसरातील मार्गांवर २०१६ पासून लागू झाली. यामानोते मार्गावर शिंजुकूचे चिन्ह ‘जेवाय १७’, चुओ जलद मार्गावर ‘जेसी ०५’, केइओवर ‘केओ ०१’, ओदाक्यूवर ‘ओएच ०१’, मारुनोउची मार्गावर ‘एम ०८’ आणि तोएइ शिंजुकू मार्गावर ‘एस ०१’ असे आहे. लिपी वाचता येत नसली तरी रंग, अक्षर आणि अंक यांवरून गाडी ओळखता येते.

योग्य गाडी निवडणे

यामानोते हा ३४.५ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग पोपटी रंगाने ओळखला जातो. त्यावर ३० स्थानके असून पूर्ण फेरीस साधारण एक तास लागतो. फलाट १४ वरून शिबुया व शिनागावाकडे, तर फलाट १५ वरून इकेबुकुरो व उएनोकडे गाड्या जातात. वर्तुळाकार मार्ग असल्याने दिशा चुकली तरी प्रवासी इष्ट स्थळी पोहोचतोच, फक्त उशिरा. म्हणूनच नवख्यांसाठी हा मार्ग सर्वांत क्षमाशील म्हणावा लागेल.

चुओ जलद मार्ग केशरी, तर चुओ-सोबु मार्ग पिवळा आहे. दोन्ही मार्ग काही अंतर एकमेकांना समांतर धावतात. केशरी गाडी कमी स्थानकांवर थांबते व तोक्यो स्थानकास सुमारे १५ मिनिटांत पोहोचते. पिवळी गाडी प्रत्येक ठिकाणी थांबते व तोक्यो स्थानकास जातच नाही. मुंबईच्या जलद व धीम्या लोकलगाड्यांची सवय असलेल्या वाचकास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. फलाट १ ते ४ वरून साइक्यो आणि शोनान-शिंजुकू मार्गांच्या गाड्या सुटतात. येथे एकाच फलाटावर निरनिराळ्या गंतव्यांच्या गाड्या येत असल्याने फलाट क्रमांकावर विसंबून न राहता वरचा सूचनाफलक वाचणे अगत्याचे आहे.

शिंजुकूस शिंकानसेन ही अतिजलद गाडी येत नाही. मुंबई-अहमदाबाद प्रकल्पामुळे भारतात हे नाव परिचित झाले आहे आणि एवढ्या मोठ्या स्थानकात ती असणारच, असे गृहीत धरून काही प्रवासी येथे तिचा फलाट शोधतात. त्यासाठी तोक्यो, शिनागावा किंवा उएनो येथे जावे लागते. नारिता विमानतळाची ‘नारिता एक्सप्रेस’ मात्र येथून सुटते. तिच्या सर्व जागा आरक्षित असतात.

गाड्यांच्या वर्गनामांत आणखी एक मेख आहे. ‘तोक्क्यू’ या शब्दाचा अर्थ ‘विशेष जलद’ असा होतो. जेआरच्या तोक्क्यू गाडीसाठी मूळ भाड्याखेरीज वेगळे तिकीट लागते. ओदाक्यूच्या हाकोने येथे जाणाऱ्या ‘रोमान्सकार’ गाडीसही तसेच वेगळे तिकीट लागते. केइओची नेहमीची तोक्क्यू मात्र साध्या भाड्यातच आहे. एकच शब्द तीन कंपन्या दोन तऱ्हांनी वापरतात. ताकाओ डोंगरावर जाणाऱ्यांनी केइओची ताकाओसानगुचीपर्यंतची गाडी धरावी. चुओ मार्गाची ‘ताकाओ’ पाटी लावलेली गाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत जात नाही, तिच्या प्रवाशांना पुढे केइओची गाडी पकडावी लागते. केइओची येथे दोन अंत्यस्थानके आहेत, हेही ध्यानात ठेवावे. फलाट १ ते ३ मूळ केइओ मार्गाचे आणि ४ व ५ नव्या केइओ मार्गाचे. दुसरे अंत्यस्थानक काही अंतरावर असून ते तोएइ शिंजुकू मार्गाशी सामाईक आहे.

तिकीट आणि फाटके

तिकिटांच्या यंत्रांवर इंग्रजी पर्याय असतो. कोठवर किती भाडे पडेल हे न कळल्यास सर्वांत कमी दराचे तिकीट घेऊन प्रवास करता येतो आणि उतरल्यावर फाटकाच्या आतील ‘सेइसान’ यंत्रात उरलेली रक्कम भरता येते. यास दंड नसतो. तपासनीस दिसताच मनात धाकधूक होणाऱ्या परदेशी प्रवाशास ही सोय प्रथम खरी वाटत नाही.

बहुतेक लोक स्पर्शकार्ड वापरतात. जेआर ईस्टचे ‘सुइका’ कार्ड १८ नोव्हेंबर २००१ रोजी आणि खासगी व भुयारी रेल्वेंचे ‘पास्मो’ मार्च २००७ मध्ये सुरू झाले. मार्च २०१३ पासून देशातील दहा प्रमुख कार्डे परस्परांच्या क्षेत्रात चालू लागली. अर्धवाहकांच्या तुटवड्यामुळे २०२३ मध्ये साध्या कार्डांची विक्री थांबविण्यात आली होती, ती मार्च २०२५ मध्ये पूर्ववत झाली. परदेशी पाहुण्यांसाठी अनामत रक्कम न घेता मिळणारे २८ दिवसांचे ‘वेलकम सुइका’ हे कार्डही आहे.

शिंजुकूत काही ठिकाणी एका कंपनीच्या क्षेत्रातून थेट दुसरीच्या क्षेत्रात नेणारी जोड-फाटके आहेत. बाहेर पडण्याचे फाटक समजून नवखा प्रवासी त्यांतून जातो आणि रस्त्याऐवजी ओदाक्यूच्या किंवा केइओच्या फलाटांपाशी पोहोचतो. अशा वेळी मागे फिरून फाटकालगतच्या कर्मचाऱ्यास सांगणे हाच सरळ मार्ग आहे, कारण फाटकातून बळेच जाऊ पाहिल्यास पडदे मिटतात. एकाच स्थानकात आत जाऊन तेथूनच बाहेर पडण्याची मुभा जेआर ईस्टने मार्च २०२१ पासून दिली आहे. त्यासाठी फलाट तिकिटाइतकी रक्कम कापली जाते व दोन तासांची मर्यादा असते. जपान रेल पास हा जेआरच्या गाड्यांपुरताच असतो. केइओ, ओदाक्यू वा भुयारी रेल्वेत तो चालत नाही.

फलकांवरील काही शब्द ओळखीचे असल्यास उपयोग होतो: ‘देगुची’ म्हणजे बाहेर पडण्याचे द्वार, ‘नोरिबा’ म्हणजे फलाट, ‘नोरिकाए’ म्हणजे गाडी बदलणे आणि ‘काइसात्सु’ म्हणजे तिकीट फाटक. दिशांसाठी हिगाशी (पूर्व), निशी (पश्चिम), मिनामी (दक्षिण) व किता (उत्तर) हे शब्द येतात. पूर्वी प्रत्येक कंपनीचे फलक वेगळ्या पद्धतीचे असत. एकीचा बाण दुसरीच्या हद्दीत गेल्यावर संपून जाई. महानगर शासनाने २०१५ मध्ये सर्व संबंधितांची एक समिती नेमल्यानंतर फलकांत एकसारखेपणा आणण्याचे काम सुरू झाले.

गर्दी व शिष्टाचार

सकाळी साधारण साडेसात ते नऊ या वेळेत गर्दी परमोच्च असते. सामानासह येणाऱ्याने ही वेळ टाळणे इष्ट. गर्दीचे लोंढे आपापल्या बाजूने वाहतात आणि त्यांच्या मधोमध थांबून फोनमधील नकाशा पाहणे इतरांस त्रासदायक होते. खांबाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला उभे राहण्याची रीत आहे. फलाटावर आखलेल्या खुणांवर रांग लावली जाते आणि उतरणाऱ्यांना आधी वाट दिली जाते. सरकत्या जिन्यावर तोक्योत डाव्या बाजूस उभे राहतात. मात्र अपघात टाळण्यासाठी दोन्ही बाजूंनी स्थिर उभे राहावे, असे आवाहन आता रेल्वे कंपन्या करतात. डब्यात फोनवर बोलणे असभ्यपणाचे मानले जाते. स्थानकात कचरापेट्या फार थोड्या आढळतात. मार्च १९९५ मध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत झालेल्या सारिन वायूच्या हल्ल्यानंतर अनेक ठिकाणच्या पेट्या काढण्यात आल्या, हे त्याचे एक कारण होय.

गर्दीत स्त्रियांशी होणाऱ्या गैरवर्तनाचा प्रश्न येथेही गंभीर राहिला आहे. केइओ कंपनीने डिसेंबर २००० मध्ये शिंजुकूहून रात्री उशिरा सुटणाऱ्या गाड्यांत स्त्रियांसाठी राखीव डब्याचा प्रयोग केला व त्यानंतर इतर कंपन्यांनी त्याचे अनुकरण केले. मात्र हे डबे ठरावीक वेळेपुरतेच राखीव असतात. मुंबईच्या लोकलप्रमाणे दिवसभर राखीव असा डबा येथे गृहीत धरू नये. दारावर व फलाटावर वेळ लिहिलेली असते.

रात्रभर गाड्या धावत नाहीत. मध्यरात्रीनंतर एक वाजण्याच्या सुमारास शेवटच्या गाड्या निघून जातात आणि पहाटे साडेचारच्या सुमारास पुन्हा सुरुवात होते.

भूकंप आणि अडकलेले प्रवासी

११ मार्च २०११ रोजी पूर्व जपानच्या महाभूकंपानंतर राजधानीतील रेल्वे थांबली. जेआर ईस्टने त्या दिवसापुरती आपली सर्व सेवा बंद ठेवली व स्थानकांची दारे मिटली. थंडीत लोकांना बाहेर काढल्याबद्दल तिच्यावर टीका झाली. घरी परतू न शकलेल्या हजारो लोकांनी शिंजुकूच्या परिसरात रात्र काढली, अनेक जण पायी घराकडे निघाले. या अनुभवावरून महानगर शासनाने केलेला नियम एप्रिल २०१३ मध्ये अमलात आला. मोठ्या भूकंपानंतर सर्वांनी एकदम घराकडे न धावता आहे त्या सुरक्षित जागी थांबावे, हा त्याचा गाभा आहे. संस्थांनी कर्मचाऱ्यांसाठी पाणी व अन्नाचा तीन दिवसांचा साठा ठेवावा, असेही त्यात सांगितले आहे. स्थानकात असताना धक्का बसल्यास जिन्याकडे धाव न घेता खांबालगत डोके सांभाळून थांबणे व कर्मचाऱ्यांच्या सूचना ऐकणे अपेक्षित असते.

भारतीय संदर्भ

शिंजुकू स्थानकाच्या पूर्व बाजूस काही मिनिटांच्या अंतरावर ‘नाकामुराया’ हे जुने खाद्यगृह आहे. १९१५ साली ब्रिटिशांच्या दबावामुळे जपान सरकारने क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्या हद्दपारीचा आदेश काढला, तेव्हा या दुकानाचे मालक सोमा दांपत्य यांनी त्यांना दुकानामागील चित्रशाळेत लपविले. पुढे १९१८ मध्ये रासबिहारींचा विवाह सोमा यांची कन्या तोशिको हिच्याशी झाला. १९२७ मध्ये तेथे उपाहारगृह सुरू झाले आणि रासबिहारींच्या आग्रहावरून अस्सल भारतीय पद्धतीची करी, म्हणजे जपानी लोकांच्या भाषेत ‘इंदो करी’, वाढली जाऊ लागली. तो पदार्थ तेथे आजही मिळतो.

साहित्य व कला

होजो त्सुकासा यांच्या ‘सिटी हंटर’ या चित्रकथामालिकेत नायकाशी संपर्क साधण्यासाठी शिंजुकू स्थानकावरील निरोपफळ्यावर ‘एक्स वाय झेड’ अशी अक्षरे लिहिली जातात. मोबाइल फोन येण्यापूर्वी जपानी स्थानकांवर असे खडूने निरोप लिहिण्याचे फळे खरोखरच असत. चुकामूक झालेले प्रवासी त्यावर कोठे गेलो ते लिहून ठेवीत आणि काही तासांनी कर्मचारी ते पुसून टाकीत.